आडनावाचा माग, बाघ नदीच्या दोन्ही काठांवर

उमेदवारांची यादी म्हणजे आडनावांचा फुकटात मिळणारा नकाशा. भंडारा-गोंदियाकडचे खुशाल बोपचे, शिशुपाल पटले, तिरोड्याचे विजय रहांगडाले ही नावं एका ओळीत लिहा. खालच्या ओळीत बालाघाटकडचे गौरीशंकर बिसेन, बोधसिंह भगत, ढालसिंह बिसेन लिहा. मध्ये राज्याची सीमा आहे, बाघ आणि वैनगंगा या नद्या आहेत, पण आडनावं एकाच पंगतीतली. तीच घेऊन पुण्यात किंवा नाशकात भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक हमखास विचारतो, "काय म्हणालात? पुन्हा सांगा."

आडनाव दुर्मिळ आहे की नाही, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. तिरोडा किंवा गोरेगाव तहसिलीत ज्या आडनावाचं कुणाला अप्रूप नाही, ते वैनगंगेचं खोरं संपलं की जवळजवळ नाहीसं होतं. अशी आडनावं माग काढायला फार सोयीची. जोशी, पाटील, जाधव यांच्या घरच्यांनी कुठून सुरुवात करायची हाच प्रश्न असतो. तुरकर, कटरे, शरणागत, अंबुले, हनवत, रिनाईत, हरिणखेडे यांना निदान कुठल्या खोऱ्यात शोधायचं ते ठाऊक असतं. इथे दाखले मुख्यतः पोवार या जातीतल्या आडनावांचे घेतले आहेत. पण अर्जुनी मोरगावकडचे कापगते, लंजे, परशुरामकर असोत की गोंदिया-आमगावकडचे लिल्हारे, दमाहे, बहेकार, फुंडे असोत, पद्धत तीच.

सुरुवात इंटरनेटवरून करू नका. घरातल्या लोखंडी कपाटापासून करा. ज्या घरातलं कुणी इंजिनियरिंगला गेलं, सरकारी नोकरीला लागलं किंवा राखीव जागेवरून ग्रामपंचायत लढलं, त्या घरात जात पडताळणीची फाईल असतेच. इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या, जमातीला 6 सप्टेंबर 1950 च्या. या तारखांनी घरोघरच्या लोकांना आजा-पणजाच्या कागदांमागे पळायला लावलं. त्या पळापळीत जे हाती आलं ते सगळं त्या फाईलमध्ये आहे: आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, अधिकार अभिलेख, वंशावळीचं शपथपत्र. ज्या कागदासाठी तुम्ही महिनाभर तहसिलीच्या पायऱ्या झिजवणार, तो चुलतभावाच्या फाईलमध्ये लॅमिनेशन करून ठेवलेला सापडतो. (जुन्या कागदाचं लॅमिनेशन मात्र करू नका. तो कायमचा त्यात अडकतो. प्लॅस्टिकच्या साध्या पाकिटात ठेवा.)

शपथपत्रातली वंशावळ वाचताना सावध राहा. ती खोटी नसते, पण अपुरी असते. ज्या माणसाच्या नावाने पुरावा मिळाला त्याच्यापासून अर्जदारापर्यंत यायला जेवढ्या पायऱ्या लागतात, तेवढ्याच तिच्यात असतात. लग्न होऊन गेलेल्या मुली, निपुत्रिक वारलेला काका, दुसऱ्या गावी घरजावई झालेला भाऊ हे सगळे गाळलेले. आडनाव कुठे कुठे पसरलं हे कळायला तर नेमके हेच गाळलेले भाऊ हवे असतात. म्हणून वेगवेगळ्या घरांतल्या तीन-चार फायली शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आता कोतवाल बुक. गावच्या कोतवालाने ठेवलेली ही जन्म-मृत्यूची नोंद. समजा, त्यात अशी ओळ मिळाली: "सोमा वल्द धोंडू, जात पोवार, मौजा अमुक, मुलगी झाली." दहापैकी नऊ जण इथे हिरमुसतात, कारण आडनाव कुठेच नाही. मध्यप्रांतातल्या जुन्या कागदांत माणूस बहुतेक वेळा तीन गोष्टींनी ओळखला जातो: स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि जात. आडनाव ही घरातली, सोयरिकीतली बाब होती. लग्न जुळवताना कूळ विचारायचे, कारण एका कुळात सोयरीक होत नाही. पटवाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा जुन्या वहीत 'रहांगडाले' शोधत बसाल तर काही हाती लागणार नाही. 'सोमा वल्द धोंडू' शोधा. बायकांच्या नोंदीत 'जौजे' दिसलं तर पुढचं नाव नवऱ्याचं, आणि 'बेवा' असेल तर नवरा तोवर वारलेला. एका 'बेवा'वरून नवरा त्या सालाआधी वारला एवढंच कळतं; त्याच बाईची आधीची 'जौजे' नोंद सापडली तर मृत्यूचं साल त्या दोन नोंदींच्या मध्ये बांधता येतं.

पण एका मौजात दोन सोमा वल्द धोंडू असले तर? असतातच. अशा वेळी जमीन कामाला येते. खसऱ्याचा नंबर धरून खातं मागे मागे नेलं की कुठला सोमा आपला ते कळतं. फक्त हे ध्यानात ठेवा की जमिनीचा बंदोबस्त बदलला की नंबर बदलतात, आणि पुढे जमीन एकत्रीकरणात खसऱ्याचे गट झाले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घातल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर शेजाऱ्याच्या पणजोबाला आपला म्हणून बसाल.

आडनाव कागदावर पहिल्यांदा येतं ते बहुधा शाळेच्या रजिस्टरात. तिथे गुरुजींच्या कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं गेलं. टेंभरेचं टेमरे झालं, ठाकरेचं ठाकूरही झालेलं दिसतं. बाघ नदीपलीकडे लेखन हिंदीत, म्हणून इकडचे हरिणखेडे तिकडे हरिनखेरे. इंग्रजीत तर रहांगडालेची चार-पाच रूपं एकाच घरात, थोरल्याच्या पासपोर्टवर एक आणि धाकट्याच्या आधार कार्डावर दुसरं. शोधायला बसण्याआधी आपल्या आडनावाची देवनागरी आणि रोमन अशी सगळी रूपं एका कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक ठिकाणी ती सगळी वापरा.

कागद कुठे मागायचा हे कळायला जिल्ह्याचा इतिहास थोडा माहीत हवा, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 चा. त्याआधी सगळं भंडारा. 1908 साली इंग्रज अधिकारी रसेलने संपादित केलेलं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं तेव्हा जिल्ह्यात तहसिली तीनच होत्या: भंडारा, तिरोडा, साकोली. म्हणून आज गोंदिया तहसिलीत असलेल्या गावाचा त्या काळातला कागद 'तहसील तिरोडा, जिल्हा भंडारा' या नावाखाली असतो. आमगाव, देवरी, सालेकसाकडचं गाव असेल तर ते जमीनदारीत होतं का हेही विचारा. आणखी मागे गेलात तर बालाघाट जिल्हा स्वतःच 1867 चा. भंडारा, शिवनी, मंडल्याचे तुकडे काढून केलेला. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत नदीचे दोन्ही काठ एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. मग भंडारा मुंबई राज्यात आलं, बालाघाट मध्यप्रदेशात राहिलं. तुमच्या खापरपणजोबाने खैरलांजीची बायको केली आणि लांजीकडे शेत घेतलं तेव्हा त्याने राज्य ओलांडलेलं नव्हतं. तुम्हाला मात्र आज त्याच्यामागे दोन राज्यांच्या कचेऱ्यांत फिरावं लागतं.

इकडचा जुना कागद गोंदियाच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या अभिलेख कक्षात मिळाला नाही तर भंडाऱ्यालाही अर्ज टाका. प्रांताच्या पातळीवरची दप्तरं बघायची असतील तर नागपूरला पुराभिलेख विभागाचं कार्यालय आहे. बालाघाटकडे 'मिसल बंदोबस्त' (बंदोबस्ताचं जुनं दप्तर) म्हटलं की बाबूच्या लगेच ध्यानात येतं. अर्जात "आमच्या आडनावाची सगळी जुनी कागदपत्रं मिळावीत" असं लिहू नका. तो अर्ज परत येईल आणि बाबूचं त्यात काही चुकलेलं नसेल. मौजा, पटवारी हलका नंबर, राजस्व मंडळ, खसरा नंबर, अंदाजे साल आणि 'अमुक वल्द तमुक' एवढं द्या. एका अर्जात एकच गाव. 31 मार्च 1951 ला मालगुजारी गेली. त्याआधीच्या कागदांत गावाच्या मालगुजाराचं नाव असतं, ते टिपून घ्या. मालगुजाराने आपल्या नात्यागोत्यातली माणसं आणून गावात वसवणं ही जुनी रीत. तुमचं आडनाव त्या गावात कसं आलं याचं उत्तर पुष्कळदा त्याच्या सोयरिकीत दडलेलं असतं.

पसारा किती, हा यापुढचा प्रश्न. इंग्लंडात दुर्मिळ आडनावाचा पाठपुरावा हा हौशी लोकांचा जुना उद्योग आहे. एकेका आडनावाचा सगळा पसारा शोधणाऱ्यांची 'गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज' ही संस्थाच तिथे 1979 मध्ये निघाली. त्यांच्या हाताशी साधनंही तशी: 1538 पासून चर्चच्या नोंदवह्या, 1837 पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी, आणि घरटी नावांसकट 1881 ची जनगणना. शंभर वर्षं उलटली की तिथले जनगणनेचे कागद खुले होतात; 1921 चे 2022 मध्ये झाले. आपल्याकडे 1948 च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची नोंद गोपनीय, आणि आडनावांची शिरगणती तर सरकार करतच नाही. म्हणून एखादी वेबसाईट तुमच्या आडनावाची जगातली माणसं एककापर्यंत मोजून दाखवते तेव्हा तो आकडा हसून सोडून द्या.

आपल्याला मतदार यादीवर भागवावं लागतं, आणि ती वाईट नाही. गोंदिया जिल्ह्यात विधानसभेचे चार मतदारसंघ: गोंदिया, तिरोडा, आमगाव, अर्जुनी मोरगाव. पलीकडे बालाघाट, वारासिवनी, कटंगी, लांजी, परसवाडा, बैहर. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भागनिहाय याद्या मिळतात. त्या पानांवर नावाने शोध नीट चालत नाही, तेव्हा डोळ्यांनीच मोजायची तयारी ठेवा. सगळा जिल्हा एकदम घेऊ नका. आपलं गाव आणि त्याच्या भोवतालची दहा-पंधरा गावं घ्या. पुरुष मतदारच मोजा, कारण बायकांची आडनावं लग्नाने आलेली. गावाचे एकूण पुरुष मतदार शेजारच्या रकान्यात लिहा. दोनशेत वीस आणि दोन हजारांत वीस यांचा अर्थ एक होत नाही. घर क्रमांकावरून घरं किती तेही बघा. पंधरा माणसं पाच घरांत असतील तर गावात भावकी जुनी. एकाच घरात पाच माणसं असतील तर ते घर बहुधा मास्तराचं, पटवाऱ्याचं किंवा घरजावयाचं.

मग तहसिलीचा नकाशा घ्या आणि आकडे गावांवर पेन्सिलीने मांडा. बहुतेक आडनावांचे एक-दोन पुंजके लगेच दिसतात. पण जिथे गर्दी जास्त तेच मूळगाव असं मानायची घाई नको. मूळगावातून माणसं निघून गेलेलीही असतात. आमगाव-सालेकसाकडे टोले पुष्कळ, आणि टोला म्हणजे मोठ्या गावातून निघालेली वस्ती. टोला कुणी बसवला हे तिथल्या म्हाताऱ्यांना अजून सांगता येतं. इटियाडोह, सिरपूर, पुजारीटोला, कालीसरार ही धरणं झाली तेव्हा जमिनी पाण्याखाली गेल्या, माणसं उठली. नकाशात मध्येच एक रिकामा पट्टा दिसला तर तिथे धरण आहे का ते आधी बघा. आणि रेल्वे. नागपूर-छत्तीसगड मार्ग 1880 च्या दशकातला, गोंदिया-जबलपूर छोटी लाईन 1903 ते 1905 च्या दरम्यानची. ती सुरू झाली आणि गोंदिया हे जंक्शन झालं. या रुळांवरून अग्रवाल, जैन, पटेल आले, आणि इथली माणसं नागपूर, डोंगरगड, राजनांदगाव, पुढे भिलाईच्या कारखान्यापर्यंत गेली. तुमच्या आडनावाचा पुंजका भिलाईत सापडला तर तो बहुधा कारखाना आला त्यानंतरचा धरून चाला.

एकच आडनाव म्हणजे एकच घराणं, या समजुतीने जितका गोंधळ होतो तितका कशाने होत नाही. बिसेन हे इंटरनेटवर शोधा. तुम्हाला पूर्व उत्तर प्रदेशातले बिसेन राजपूत, मझौली आणि गोंडा ही संस्थानं दाखवली जातील. गोंडा आणि गोंदिया कानाला जवळचे वाटतात म्हणून कुणी वंशवृक्ष तिकडे जोडून मोकळंही होतं. नाव जुळलं एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. मधल्या पिढ्यांची नावं आणि गावं दाखवता आली पाहिजेत. मेश्राम हे आडनाव गोंडांत आहे, बौद्धांत आहे, हलबांतही आहे. सहारे, चौधरी, ठाकरे, सोनवाने यांचीही तीच गत. पटेल तर विचारूच नका. गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढणारे मनोहरभाई पटेल हे गुजरातेतून आलेल्या विडी व्यापाऱ्यांपैकी, आणि खेड्यातला पटेल म्हणजे गावचा जुना कारभारी, मग तो कुठल्याही जातीचा असो. तसंच वर्धा, बैतुल, छिंदवाड्याकडच्या भोयर पवारांची आडनावं इथल्या पोवारांहून वेगळी आहेत, आणि धार-देवासचे पवार तिसरेच. या तिघांचं नातं काय यावर सभांमधून बरंच बोललं जातं. तुम्ही आपल्या आडनावाचा माग काढताय, तो वाद तुमच्या अंगावर घ्यायची गरज नाही.

पोवार इथे कसे आले याची जी कथा सांगितली जाते, ती रसेल आणि हिरालाल यांच्या मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथातही आहे: माळव्यातल्या धारेहून निघाले, रामटेकजवळ नगरधनला थांबले, भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत गेले आणि त्या बदल्यात वैनगंगेच्या खोऱ्यातली पडीक, जंगली जमीन मिळाली, तिथे तलाव बांधून त्यांनी धान पिकवलं. कथा म्हणून ती जरूर लिहा, कुणी नोंदवली ते साल घालून लिहा. पण तुमच्या घराची कागदावरची साखळी 1890 मध्ये थांबत असेल तर तिथून एका उडीत परमार राजा भोजापर्यंत जाऊ नका. मधली आठशेहून अधिक वर्षं कोरी ठेवा. कोरी जागा पुढच्या माणसाला भरता येते. खोटी नावं खोडून काढणं फार जड जातं. पोवारांच्या छत्तीस कुळांच्या यादीकडेही याच नजरेने बघा. तिच्यातली काही कुळं आज या खोऱ्यात सापडत नाहीत. तुमच्या मतदार यादीच्या तपासात त्यांतलं एखादं आडनाव सापडलं तर ती मोठी नोंद समजा.

सरकारी कागदांबाहेरच्या माहितीत सगळ्यात भरवशाची वाटते ती लग्नपत्रिका. आमच्याकडच्या पत्रिकेत नवरदेव-नवरीपेक्षा पाहुण्यांची नावं जास्त. वर-वधूचे आई-वडील, मामा, आत्या-मावश्यांचे यजमान, जावई, आणि प्रत्येकापुढे मुक्काम, पोस्ट, तहसील, जिल्हा. एका पत्रिकेत पाच-सहा आडनावं त्यांच्या गावांसकट सहज मिळतात, आणि बालाघाट जिल्ह्यातलं एखादं गाव तर असतंच. जुन्या पत्रिका बायका जपून ठेवतात, ट्रंकेत, साड्यांच्या घडीत. 1970-80 च्या पत्रिका मिळाल्या तर आजीच्या माहेरचं आडनाव, तिच्या आईच्या माहेरचं आडनाव इथवर पोचता येतं. शपथपत्रात गाळलेल्या बायका इथे भेटतात. समाजाच्या स्मरणिका आणि वधू-वर सूची यांचाही असाच उपयोग, फक्त त्यांत शहरात गेलेल्यांची नावं जास्त आणि गावात राहिलेल्यांची कमी.

घराण्याची वंशावळ ठेवणाऱ्या भाटाकडे पोथी असेल तर तो यायची वाट पाहू नका, त्याच्या गावी जा. पोथीतली पिढ्यांची नावं खालून वर ताडून बघा. जी तीन-चार नावं तुमच्याकडे कागदावर आहेत ती पोथीत बरोबर आली, तर वरच्या नावांवर थोडा भरवसा ठेवता येतो. पहिल्याच पायरीला चुकली तर वरच्या राजेरजवाड्यांवर वेळ घालवू नका. प्रयाग, गया, हरिद्वारला अस्थी घेऊन कुणी गेलं असेल तर तिथल्या पंड्याच्या बहीत सही असते. पंडे जिल्हा आणि जातीनुसार वाटलेले असतात. तिथेही गोंदिया सांगून सापडलं नाही तर जिल्हा भंडारा सांगा.

गोंड घरांचा रस्ता थोडा निराळा. उईके, मडावी, कुंभरे, टेकाम, मरसकोल्हे ही आडनावं गोंदियापुरती नाहीत. ती मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापर्यंत जातात, आणि कुठलं आडनाव किती देवांचं, म्हणजे किती देव मानणारं, यावर सोयरीक ठरते. एका आडनावाची देवसंख्या एका भागात जी, ती दुसऱ्या भागात तीच असेलच असं नाही, म्हणून आडनावाबरोबर देव आणि देवगाव दोन्ही विचारून लिहा. माघ पौर्णिमेला सालेकसा तहसिलीत धनेगावजवळच्या कचारगडला अनेक राज्यांतले गोंड जमतात. वर्षभर फोनवर फोन करून जी माहिती मिळत नाही, ती तिथे एका दिवसात मिळते. यात्रेला जाताना वही न्या, आणि पूजा-कार्यक्रमाच्या वेळी ती बंद ठेवा.

सगळी माहिती लिहिताना प्रत्येक नावापुढे ती कुठून मिळाली ते टाका: कोतवाल बुक, पत्रिका, भाट, काकू. पंधरा दिवसांनी तुम्हालाच आठवणार नाही. आणि मतदार यादीतून काढलेली वयं, घर क्रमांक, वडिलांची नावं आडनावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका. जिवंत माणसांची असली माहिती नको त्या हातात जायला वेळ लागत नाही. गटावर गावनिहाय आकडे टाका आणि वारलेल्यांची नावं टाका. त्यावर बालाघाटकडून कुणीतरी लिहीलच, "हा सोमा आमचाही पणजोबा." तेव्हा त्याच्याकडे आधी त्या सोमाच्या बापाचं नाव विचारा.